एक कोयता, दोन माणसं

ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची मोजणी एकच. "माझ्याकडं बारा कोयते हायेत" असं तो म्हणतो तेव्हा टोळीत चोवीस माणसं असतात. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेताना सही किंवा अंगठा नवऱ्याचा, नोटाही त्याच्याच हातात. मग दिवाळीच्या आसपास बीड-धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर भरून निघतात आणि चार-पाच महिने दोघंही फडात राबतात. गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, तोडलेला ऊस गोळा करते, वाढ्यानं (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं) मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. त्याआधी पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढच्या (फडाजवळच्या झोपडीपुढच्या) चुलीवर भाकरी तिनंच थापलेल्या असतात, आणि संध्याकाळी पाण्याची घागरही तीच आणणार असते. एक दिवस चुकला की खाडा. खाडा लागतो तो कोयत्याला, त्यामुळं एकानं आजारी पडलं तरी हिशेब दोघांचा कापला जातो, पाचशे-हजार रुपयांनी. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. त्यातले गड्याचे किती आणि बाईचे किती, हे कुणी विचारलं नाही, कारण वहीत तसा रकानाच नसतो.

मराठवाड्यात पोरांशी आणि बाप्यांशी बाई-गड्याच्या बरोबरीबद्दल बोलायचं असेल तर मी या वहीपासून सुरुवात करीन, 'स्त्रीचा सन्मान' या शब्दांपासून नाही. सन्मानाला इथं कुणाचीच ना नाही. तुळजापूरला अनवाणी चालत जाणारे, सावित्रीबाईंच्या जयंतीला व्यासपीठ सजवणारे, भावकीतल्या पोरीकडं कुणी वाकडं बघितलं तर हाणामारीला उठणारे सगळे सन्मानाच्याच बाजूचे आहेत. "आपल्या आयाबहिणींचं रक्षण करा" असं भाषण ठोकलं की टाळ्या पडतात, आणि पोरं बाहेर पडतात ती बहिणीचा मोबाईल तपासायचा नवा परवाना घेऊन. रक्षण करणारा पहारेकरी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सन्मान बाजूला ठेवून काम, कागद, पैसा आणि शरीर या चारच गोष्टींवर बोलावं. तिथं टाळ्या पडत नाहीत, खुर्च्या मात्र सरकतात.

गडीमाणसाला घरकाम येत नाही, हे तर सपशेल खोटं. गावच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी कढईवर बसून बुंदी पाडणारे, पातेल्यात वरण घोटणारे, पंगतीत वाढणारे आणि शेवटी पत्रावळी उचलणारे सगळे गडीच असतात. कंदुरीचं (नवसाच्या बोकडाच्या जेवणाचं) मटण तर बायकांच्या हातीसुद्धा देत नाहीत. हजार माणसांचा स्वयंपाक येतो, चार माणसांचा येत नाही, असं कसं? लाज कामाची नाही. काम रोजचं असलं, घरात असलं, त्याला बघणारं आणि वाहवा करणारं कुणी नसलं की ते बायकी होतं. त्याच सप्त्यात गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट कीर्तनात येते. विठ्ठल तिच्या जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. चांगला कीर्तनकार हाताशी असेल तर तिथंच थांबून "मंडळी, तुमच्या घरचं दळण गिरणीवरून कोण आणतं?" असं त्याला विचारायला लावावं. दहा व्याख्यानांनी होत नाही ते एका प्रश्नानं होतं.

असं बोलायला जमवलेल्या पोरांच्या गटात सगळ्यात उपयोगी पडतो तो चिंचोक्यांचा खेळ. जमिनीवर खडूनं दोन मोठे गोल काढायचे, एक भावाचा आणि एक बहिणीचा. दोघंही दहावीत, घर एकच, असं धरायचं. प्रत्येक गोलाला चोवीस चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एक तास. गोलात झोप, शाळा, अभ्यास, घरकाम, शेत-जनावरं, खेळ, मोबाईल आणि पारावर बसणं अशी घरं पाडायची आणि पोरांना चिंचोके मांडू द्यायचे. भावाचा गोल पाच मिनिटांत भरतो. बहिणीच्या गोलात पोरं स्वयंपाकाला एक चिंचोका देतात आणि मोकळी होतात. तिथं चूक काढायची नाही. नुसतं विचारायचं: पीठ कोण मळतं? भाजी कोण निवडतं? भांडी? हापशावरून किती घागरी येतात, एका खेपेला किती वेळ लागतो, टँकर उशिरा आला तर रांगेत कोण थांबतं? गोठ्यातलं शेण? प्रत्येक उत्तराला एक चिंचोका द्यावा लागतो आणि मग ते पुरत नाहीत. पोरं आधी बहिणीच्या खेळातला काढतात (तो एकच असतो), मग अभ्यासातला आणि शेवटी झोपेतला. झोपेतला चिंचोका उचलताना कुणाचा हात थबकतो, हे गटचालकानं बघून ठेवायचं. बोलायचं काही नाही.

भाजी शिजत असताना ती धाकट्यालाही सांभाळते, म्हणजे एका तासात दोन कामं होतात. अशा वेळी चिंचोका दोन घरांमधल्या रेघेवर ठेवायचा. रेघेवरचे चिंचोके शेवटी मोजले की भावाच्या गोलात ते बहुधा शून्य निघतात. देशाचा आकडा सांगायचा तर तो यानंतर. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बाया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. आकडा आधी सांगितला तर पोरं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. चिंचोके मांडून झाल्यावर सांगितला तर आपल्या गोलाशी ताडून बघतात.

प्रश्नांचाही क्रम असतो. कोण करतं, किती वेळ, कधी, आणि नाही केलं तर काय होतं? 'का' सगळ्यात शेवटी. 'का'पासून सुरुवात केली की "परंपरा हाय सर", "त्यांना जमतंय" अशी तयार उत्तरं येतात आणि गोष्ट तिथंच बसते. उलट 'नाही केलं तर' हा प्रश्न फार कामाचा. भावानं दुकानातून साखर आणली नाही तर कुणीतरी दुसरा आणतो. बहिणीनं पाणी भरलं नाही तर काय होतं, हे पोरांना नीट माहीत असतं. फक्त तोंडानं सांगावं लागत नाही म्हणून चालून जातं.

पुढच्या आठवड्याचं काम इथंच ठरवायचं. पहिले दोन आठवडे आपलं ताट, आपले कपडे, आपलं अंथरूण. तिसऱ्या आठवड्यापासून घरातली संध्याकाळची सगळी भांडी, सात दिवस, ठरलेल्या वेळी. स्वयंपाक मुद्दाम देऊ नये. पोरानं पोहे केले की घरभर कौतुक होतं, फोटो निघतो, आणि आईच्या वाट्याला ओटा पुसायचं काम वाढतं. भांड्यांना कौतुक नाही, म्हणून भांडीच बरी. आणि हो, करपलेली कढई भिजत घालून झोपायला जाणं याला भांडी घासणं म्हणत नाहीत.

हे काम घरात अडतं ते बापामुळं कमी, आजीमुळं जास्त. "माझ्या नातवाला काहून भांडी घासायला लावता?" हा सवाल येणारच. म्हणून पहिलं काम देण्याआधी आया आणि आज्यांना एकदा बोलावून चहा पाजायचा आणि ही शिक्षा नाही, हे सांगायचं. तरी तिसऱ्या दिवशी आई पोराच्या हातून भांडं काढून घेते. त्यात माया असते आणि शेजारणीची लाजही. यावर उपाय म्हणजे काम उघड्यावर करायचं, न्हाणीच्या दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दार लावून घासलेली भांडी ही सुरुवात म्हणून ठीक आहेत, पण हिशेबात धरायची नाहीत. पारावरचं कुणीतरी "बाईल्या" म्हणणार. त्याची तयारी गटात आधीच करून घ्यावी, प्रत्येकाला आपलं उत्तर शोधायला लावावं. एकाच गल्लीतली तीन पोरं एकाच आठवड्यात हे करत असली तर चेष्टा चार दिवसांत विरते. एकटा असला तर तो सोडून देतो.

गट बारा ते पंधरा जणांचा असावा. वीस झाले की मागची पोरं मोबाईल काढतात. तेरा ते सतरा वयाची एकीकडं आणि अठरा ते पंचवीसची दुसरीकडं, कारण लहानांपुढं मोठे फुशारक्या मारतात आणि मोठ्यांपुढं लहान बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा, तास-सव्वा तास, अशा सोळा ते वीस बैठका. तीन दिवसांचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तिथं पोरं बरोबर उत्तरं शिकतात, घरी जाऊन काही मोडत नाहीत. वेळापत्रक ऊस आणि पेरणी बघून आखायचं. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, जूनमध्ये पाऊस पडला की पंधरा दिवस कुणी येत नाही, दसऱ्यानंतर निम्मं गाव निघायच्या तयारीला लागतं. म्हणजे हातात एप्रिल-मे आणि जुलै ते सप्टेंबर. जागा म्हणून पार सोयीचा वाटतो, पण तिथं म्हातारी माणसं कान लावून असतात. तालीम असेल तर ती कुठल्या वस्तीची, हे आधी बघावं. एका वस्तीच्या जागेत दुसऱ्या वस्तीची पोरं पाऊल टाकत नाहीत आणि गट पहिल्याच दिवशी जातीवर फुटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा त्यातल्या त्यात सगळ्यांचा.

असं काम आपल्याकडं नवं नाही. अत्याचाराविरुद्ध पुरुषांनीच उभं राहायचं, म्हणून मुंबईत १९९३ मध्ये 'मावा' ही संघटना निघाली. पुढं मुंबईतच वस्त्यांतल्या तरुणांचे गट, शाळांतले तास, क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत पोरांशी बोलणं, असे प्रयोग झाले. क्रिकेटचा प्रयोग आपल्याकडं कबड्डीवर सहज बेततो. सरावाआधीची दहा मिनिटं, विषय एकच, बोलणार प्रशिक्षक. पोरं सरांचं ऐकत नाहीत पण कोचचं ऐकतात, हे कुणीही सांगेल. फक्त तो कोच हरलेल्या पोराला "बांगड्या भर" म्हणणारा नसावा. तसा असेल तर आधी त्याच्यावरच दोन महिने घालवावे लागतात.

पोरांना सगळ्यात लांबचा वाटणारा आणि खरं तर सगळ्यात जवळचा विषय म्हणजे बालविवाह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या बाया होत्या, त्यांतल्या अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात २१.९ होत्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. कारणं म्हणून गरिबी, ऊसतोड, हुंडा सांगितली जातात आणि ती खरी आहेत. कोयता पुरा करायला बायको लागते, हेही खरं. पण एक कारण गावातल्या दुचाकीवर बसलेलं असतं. आठवीनंतरची शाळा चार-सहा किलोमीटरवर. पोरीला एसटीचा पास फुकट, पोरींना शाळेत नेणारी मानव विकास कार्यक्रमाची निळी बसही बऱ्याच गावांत येते. फाट्यावर दोन पोरं रोज थांबतात, मागं गाडी घेतात, गाणं म्हणतात, नंबर मागतात. त्यांच्या लेखी ही मजा असते, फार तर एकतर्फी प्रेम. पोरगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की शाळा बंद होणार, हे तिला ठाऊक असतं. मग दुसरंच कुणी येऊन बापाला सांगतं. बाप पोरांना जाब विचारत नाही; भांडण वाढेल, नाव पोरीचंच निघेल. तो पास कपाटात ठेवतो आणि पाव्हण्यांना निरोप धाडतो. फाट्यावरच्या पोरांना चार महिन्यांनी मंडप दिसतो, आणि त्या मंडपात तीच पोरं पंगत वाढतात.

ही साखळी गटात उलटी मांडून घ्यावी. मंडपापासून सुरू करायचं आणि "याच्या आधी काय झालं?" असं विचारत मागं मागं जायचं. सातव्या-आठव्या पायरीला फाटा येतोच, आणि तिथं खोलीत शांतता पसरते. त्या शांततेत भाषण घुसडू नये. पुढच्या बैठकीत एकच ठरवावं: फाट्यावर थांबणाऱ्याला त्याचाच दोस्त काय म्हणेल? पोलिसी धाकानं पोरं फाटा बदलतात. दोस्तानं "चल बे, बास झालं" म्हटलं तर गाडी वळवतात. कायदाही माहीत हवा. लग्नाला मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण. अठरावरच्या गड्यानं अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, लग्न लावणारा आणि घडवून आणणाराही सुटत नाही. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. नवऱ्या मुलाला हे बहुतेक वेळा कळतं ते बाळंतपणाच्या वेळी, दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं तेव्हा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. १०९८ वर फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही, हे पोरांना दोनदा सांगावं लागतं.

आणखी एक हिशेब मोठ्या पोरांपुढं मांडावा. २००१ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. त्या वेळची ती लेकरं २०२६ मध्ये पंधरा ते एकवीस वर्षांची आहेत. "पोरगी मिळत नाही" म्हणून जी पोरं आज रडतात, त्यांच्या लग्नाचं गणित सोनोग्राफीच्या खोलीत आधीच बिघडवून ठेवलेलं होतं, आणि ते बिघडवलं त्यांच्याच बापा-आजोबांनी.

शरीरावर बोलायला मात्र पोरांना आपणहून हवं असतं, कुणी बोलत नाही एवढंच. एक डबा, त्याला फट, सगळ्यांना सारख्या आकाराचा कागद आणि एकाच रंगाचा पेन; विचारायचं काही नसलं तरी कागदावर रेघा ओढून तो डब्यात टाकायचा, म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. निम्म्या चिठ्ठ्या झोपेत वीर्य जाण्याच्या आणि हस्तमैथुनाच्या भीतीच्या निघतात. बसस्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्या जाहिरातींनी ती भीती पोसलेली असते. रक्ताच्या अमुक इतक्या थेंबांचा एक थेंब होतो, हे साफ खोटं. दोन्ही गोष्टींनी कमजोरी येत नाही, लग्नात अडचण येत नाही. एवढं ऐकलं की पोरांचे खांदे खाली येतात. त्याच बैठकीत पाळीचं बोलून घ्यावं. स्वतःच्या शरीराबद्दलची भीती निघालेला पोरगा बाईच्या शरीराची थट्टा कमी करतो, निदान त्या दिवशी तरी.

लग्न झालेल्यांशी बोलायचं ते नसबंदीचं. देशात शंभरातल्या जवळपास ३८ विवाहित बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, पुरुषांचं प्रमाण ०.३. बाईचं पोट उघडावं लागतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोन दिवस आराम आणि आठवडाभर ओझं नाही, एवढंच पथ्य. सरकारी मोबदलाही पुरुषाला जास्त. तरी "कमजोरी येती, कोयता धरवत न्हाई" यापाशी गाडी अडते. कमजोरी येत नाही, कारण कापली जाते ती फक्त शुक्रजंतूंची नळी. पुरुषी संप्रेरकं रक्तात तशीच चालू राहतात. एक गोष्ट मात्र ठासून सांगायची: शस्त्रक्रिया झाली की लगेच काम झालं, असं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे सांगायचं राहिलं आणि दिवस गेले, तर शंका बायकोच्या चारित्र्यावर घेतली जाते आणि पुढची दहा वर्षं त्या गावात कुणी नसबंदीचं नाव काढत नाही.

गर्भाशयाचं तर इथं वेगळंच. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीत दुखतं, कोपीत पाणी नाही, खाडा परवडत नाही, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि नवरा उचलीतून पैसे मोजतो. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी बंधनकारक झाली. पण नवऱ्याला खोलीत बसून तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत: गोळ्यांनी भागणार नाही का? तपासणीचा कागद कुठाय? दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येऊ का? शिकवायचे ते हे तीन प्रश्न. गटात एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं नवरा, आणि घाई करणाऱ्या डॉक्टरसमोर ते मोठ्यानं म्हणून बघायचे.

कागदाच्या बाबतीत मराठी मुलखाला चांगला वारसा आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली तेव्हा गावोगावच्या गड्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ज्या गावात शंभर घरांनी ती केली ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. १९९२ मध्ये सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट करून दिली. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, फेरफार धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अडतं कुठं? खातं सामाईक असतं आणि भावकी हरकत घेते. म्हणून आधी वाटणी, मग नाव. सोसायटीचा बोजा असतो. बँकेला आधीच विचारून ठेवावं. घराचं सोपं असतं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर दोघांची नावं लागतात. शेतावर नाव नसलेली बाई शेतात कितीही राबली तरी पीकविमा, पीककर्ज, अनुदान यांच्या कागदावर ती शेतकरी नसते. नवरा गेल्यावर वारसनोंदीच्या रांगेत उभी राहिली की ते कळतं.

बहिणीचं मात्र अवघड जातं. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. तरी राखीला साडी आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राला सही, हा रिवाज चालूच आहे. सही केली नाही तर माहेर तुटतं, म्हणून बहिणी करतात. हा विषय काढला की तासभर आधी भांड्यांवर हसत असलेला गट गंभीर होतो, काही जण उठून जातात. तो बाराव्या-तेराव्या बैठकीच्या आधी काढू नये. पण काढावाच. भांडी घासणारा आणि हक्कसोड करून घेणारा एकच माणूस असू शकतो, आणि तसे बरेच असतात. आरंभ हवा असेल तर नावापासून करावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. गटाच्या हजेरीत मोठ्यांनीही तसंच लिहावं. पहिल्या दिवशी दोघा-तिघांना आईचं कागदावरचं नाव आठवावं लागतं.

पुरुषांना हे सगळं करून काय मिळतं, हा प्रश्न रास्त आहे, आणि "पुण्य" हे त्याचं उत्तर नाही. २०२२ मध्ये देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यांतले ४,९९९ पुरुष होते. दुष्काळ, भाव, सावकार ही कारणं सगळ्या घराला असतात. गळ्याशी येईपर्यंत ती एकट्यानं गिळायची शिकवण फक्त गड्याला असते. म्हणून नवरा-बायकोंच्या गटात एक कागद भरून घ्यावा. दोघांनी वेगवेगळा, एकमेकांचा न बघता: बँक, सोसायटी, बचतगट, सावकार, कृषी केंद्राची उधारी, मुकादमाची उचल, हातउसने. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. बचतगटाचा आकडा बायकोच्या कागदावर बरोबर असतो, सावकाराचा रकाना कोरा. तो कोरा रकाना चारचौघांत भरायला लावू नये. घरी, आठवडाभरात, दोघांनीच. एखादा त्या रात्री बोलता होतो. एखादा चिडतो आणि राग बायकोवर निघतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी आशाताईची फेरी त्या घरावरून जाईल, एवढी व्यवस्था आधी करायची. जीव देण्याचं बोलणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये त्याच बैठकीत टाकून घ्यायचा. रडणाऱ्या गड्याला पाणी द्यावं आणि गप्प बसावं. "मर्द गडी, रडतोस काय" हे वाक्य गटात कुणी म्हणायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम.

बिघडतं ते बहुतेक गटचालकापाशी. त्याला विषय पाठ असतो आणि घरी ताट वाढून लागतं. पोरांना हे आठ दिवसांत कळतं. गाव लहान असतं. दुसरं, 'मदत' हा शब्द. "आईला मदत केली" म्हणणाऱ्या पोराच्या मते काम आईचंच असतं, तो वरून उपकार करतो. नुसतं "भांडी घासली" म्हणायला लावावं. आणि मोजमाप. बरोबरीबद्दल काय वाटतं, असं विचारलं की पाचव्या बैठकीपासून सगळे शंभरपैकी शंभर. म्हणून पोरांना मत विचारू नये. त्यांच्या बहिणीला, आईला, बायकोला विचारावं, तेही कालचं: काल रात्री भांडी कोणी घासली?

टोळ्या परत आल्या की, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गटातल्या प्रत्येक कोयत्याच्या घरी जायचं. सोबत बाई कार्यकर्ती हवीच. प्रश्न बायकोला विचारायचे: कोपीवर सकाळची चूल कोण पेटवायचं? पाण्याच्या खेपा कुणाच्या? पाळीत एखादा दिवस बसून राहिलीस का, आणि खाडा लागला तेव्हा तो काय म्हणाला? उचल किती घेतली होती, फिटली किती, अंगावर किती राहिली? उंबऱ्याशी ती उभी असते, आत तो कॉटवर असतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आतून आलं, तर आकडा लिहायचा नाही. त्या रकान्यात 'नवरा बोलला' एवढंच लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं.